पोरींचा खेळ दहावीनंतर का थांबतो? खेळावर उभे राहिलेले सामाजिक उद्योग आणि आपली गावं

अमरावती/अकोला : शाळांच्या तालुकास्तरीय स्पर्धा सुरू झाल्या की एक गोष्ट दरवर्षी दिसते. चौदा वर्षांखालच्या गटात मुलींच्या कबड्डी, खो-खोच्या संघांची गर्दी असते. सतरा वर्षांखालच्या गटात ती कमी होते. एकोणीसच्या गटात तर कधी कधी समोर संघच नसतो आणि मैदानात न उतरताच पोरी जिल्ह्यावर जातात. आठवीत चढाईला उभी राहिली की समोरच्या संघाला घाम फोडणारी पोरगी अकरावीत कुठं असते? कुणी वावरात वेचणीला, कुणी घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला, कुणाची सोयरीक जमलेली.

वऱ्हाडात खेळाची परंपरा नाही असं तर कुणी म्हणूच नये. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले होते. अमरावती आणि अकोल्यात सरकारच्या क्रीडा प्रबोधिन्या आहेत आणि अकोल्याचं नाव बॉक्सिंगमध्ये घेतलं जातं. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ साली इंग्लंडविरुद्ध भारताच्या टी-ट्वेंटी संघातून खेळली आणि पुढं महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून उतरली. पण हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी. दर्यापूर, तेल्हारा, चिखलदरा किंवा पातूरच्या खेड्यातल्या पोरीला तिथपर्यंत पोहोचवणारं मधलं काही नाही. खेळातून चालणारे सामाजिक उद्योग ही मधली जागा भरायचा प्रयत्न करतात. ते काय असतात, त्यांचा पैसा कुठून येतो आणि आपल्याकडं ते जमेल का, याची माहिती इथं देत आहोत.

सामाजिक उद्योग म्हणजे नेमकं काय?

नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. समाजाची एखादी अडचण सोडवायची, पण ती दुकानासारखी किंवा डेअरीसारखी हिशेबानं चालवायची. काही पैसा स्वतः कमवायचा, काही देणगीतून आणायचा, आणि उरेल तो मालकाच्या खिशात न जाता परत त्याच कामात घालायचा. बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांनी गरीब बायांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक अशीच उभी केली आणि २००६ साली त्यांना व बँकेला मिळून शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडचे बचत गटही याच नात्यातले.

देणगीवर चालणारं मंडळ आणि सामाजिक उद्योग यातला फरक तिसऱ्या वर्षी कळतो. पहिल्या वर्षी फीत कापली जाते, टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक महिन्यातून दोनदा येतो. तिसऱ्या वर्षी पैसा संपतो आणि पोरी परत घरी. आमच्या भागातल्या एका गावात कबड्डीची मॅट अशीच एका खोलीत गुंडाळून पडली होती, उंदरांनी कुरतडेपर्यंत. ज्यांनी दिली त्यांचा हेतू चांगला होता, पण मॅटवर रोज पोरींना उतरवायला माणूस लागतो, त्या माणसाच्या पगाराचा विचार कुणी केला नव्हता.

नागपूरची फुटकी बादली

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण नागपूरचं. तिथल्या हिस्लॉप कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवणारे विजय बारसे यांनी पावसाच्या दिवसात झोपडपट्टीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी पोरांना खरा फुटबॉल दिला आणि २००१ पासून 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू झाला. त्याचीच पुढं 'स्लम सॉकर' ही संस्था झाली. निवृत्तीनंतर मिळालेला पैसाही बारसे सरांनी यात घातला. अमेरिकेत असलेला त्यांचा मुलगा अभिजित परत आला आणि संस्थेचं काम त्यानं हातात घेतलं. २०१६ साली जागतिक फुटबॉल संघटनेनं, म्हणजे फिफानं, स्लम सॉकरला आपला विविधता पुरस्कार दिला. २०२२ साली आलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' सिनेमा याच बारसे सरांवर बेतलेला आहे. त्यात अमिताभ बच्चन होते म्हणून तो बहुतेकांनी पाहिला असेल.

सिनेमात मुख्य गोष्ट पोरांची आहे. पण संस्थेनं मुलींसाठी 'शक्ती गर्ल्स' नावाचा वेगळा उपक्रम चालवला, त्याबद्दल कमी बोललं जातं. मैदानावर फुटबॉल शिकवता शिकवता मासिक पाळी, आरोग्य, स्वतःचे हक्क, नको त्या स्पर्शाला नाही म्हणणं, हे सगळं त्यात येतं. पाळीबद्दल वर्गात फळ्यासमोर बोलायचं म्हटलं तर पोरी खाली माना घालतात. खेळून दमल्यावर गोल करून बसल्या की त्याच पोरी बोलत्या होतात. एकत्र घाम गाळल्यानं संकोच कमी होतो, हे ज्यानं कधी मैदानावर वेळ घालवला त्याला सांगायची गरज नाही.

फुटबॉलचा एक प्रकार जगभरच्या अशा संस्था वापरतात, स्लम सॉकरही त्यातलीच. आपल्याला यातून पुष्कळ शिकता येईल म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. १९९४ च्या विश्वचषकात त्यांच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून चुकून स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि मायदेशी परतल्यावर मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्या शहरात तेव्हा टोळ्यांचा धुमाकूळ होता. त्यानंतर तिथं रस्त्यावरचा एक वेगळा फुटबॉल सुरू झाला. संघात मुलं आणि मुली दोन्ही पाहिजेत. आणि पहिला गोल मुलीनंच मारायचा, त्याशिवाय मुलांचे गोल धरायचे नाहीत. पंच नाही. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, आणि शेवटी परत बसून कोण नियमानं वागलं, कोण नाही, याचे गुण एकमेकांना देतात. ते गुण निकालात मिळवले जातात.

आता हा पहिल्या गोलाचा नियम बघा. एरवी मिश्र संघात पोरीला एका कोपऱ्यात उभं करतात आणि चेंडू तिच्याकडं कधी जातच नाही. इथं तिला चेंडू दिल्याशिवाय पोरांनाच जिंकता येत नाही. मग तेच पोट्टे तिला 'इकडून ये, तिकडं मार' असं शिकवायला लागतात. भाषण नाही, पोस्टर नाही. एक नियम बदलला आणि पोरांचा स्वार्थच पोरीच्या बाजूनं उभा राहिला. आपल्या शाळांच्या अंगणात लंगडी, खो-खो, डॉजबॉल असं खेळवून बघायला एक रुपया लागत नाही.

माणदेशातली बँक आणि मैदान

नागपूर हे शहर. खेड्यासाठी उदाहरण पाहिजे तर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जावं लागतं. म्हसवड हे तिथलं गाव, आणि हा भाग कायम दुष्काळी. आपल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला त्यांचं पाण्याचं दुःख लगेच कळेल. चेतना सिन्हा यांनी इथं बायांसाठी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बऱ्याच बाया अंगठा लावणाऱ्या होत्या. चेतनाताई जाहीर भाषणांत सांगतात की पुढं त्या बाया लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनी मशीनवर करावा, बघू आधी कोणाचा होतो. १९९७ साली बँक सुरू झाली.

त्याच माणदेशी फाउंडेशनचा 'माणदेशी चॅम्पियन्स' हा खेळाचा उपक्रम आहे. धावणं, कुस्ती, हॉकी असे खेळ, प्रशिक्षक, मैदान, आणि गावागावातून आलेल्या पोरी. याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ ला पी. टी. उषा यांनी अंतिम फेरी गाठली होती, त्यानंतर ट्रॅकवर तिथपर्यंत पोहोचलेली ही पहिली भारतीय मुलगी. शेतकऱ्याची पोर. नंतर ती सरकारी अधिकारी झाली.

या उदाहरणात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं. तिथं पोरीच्या खेळाच्या आधी आईच्या हातात पैसा आला. आईचं खातं, आईचं कर्ज, आईचा धंदा. पोरीला बूट घ्यायचे की नाही हे मग एकटा बाप ठरवत नाही. आपल्याकडं गावोगावी उमेदचे आणि माविमचे बचत गट आहेत, म्हणजे अर्धा पाया तर भरलेलाच आहे.

महाराष्ट्राबाहेरचंही एक सांगून पुढं जातो. झारखंडात रांचीजवळ ओरमांझी भागात 'युवा' नावाची संस्था २००९ पासून आदिवासी खेड्यांतल्या पोरींना फुटबॉल शिकवते. २०१३ साली त्यांचा संघ स्पेनमधल्या स्पर्धेत तिसरा आला आणि २०१९ ला संस्थेला लॉरियस हा जगातला मोठा पुरस्कार मिळाला. तिथं मोठ्या पोरीच लहान पोरींच्या प्रशिक्षक होतात. म्हणजे बारावीनंतर पोरगी मैदान सोडत नाही, तिला त्याच मैदानावर चार पैसे मिळतात. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडं काम करणाऱ्यांनी हे जरूर अभ्यासावं.

आपल्याकडं अडतं कुठं

चेंडूवाचून अडत नाही, वेळेवर अडतं. मानव विकासची निळी बस शाळा सुटली की निघते. बस चुकली तर पोरगी पाच-सात किलोमीटर चालत येणार, तेही अंधारात. मग सरावासाठी थांबायला कोणते आई-बाप हो म्हणतील? 'पोरीच्या जातीले खेळून काय करा लागते' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, पण बऱ्याच घरांत त्यामागं जुने विचार कमी आणि अंधाराची भीती जास्त असते. म्हणून सराव शाळेच्या शेवटच्या तासात किंवा सकाळी शाळेआधी पाहिजे. आगाराला शाळेचं आणि ग्रामपंचायतीचं पत्र देऊन सुटायची वेळ अर्धा तास पुढं करता येते का, हेही विचारून बघावं.

दुसरी अडचण हंगामाची. शालेय स्पर्धांच्या पुढच्या फेऱ्या आणि सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी एकाच सुमारास येतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि घरातली पोरगी फुकट असते. कास्तकार म्हणून मी हे दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही.

तिसरी अडचण शौचालयाची आणि कपडे बदलायच्या जागेची. मैदानाला चार भिंतींची एक खोली आणि पाणी नसेल तर महिन्यातले चार-पाच दिवस पोरगी येत नाही, आणि मग हळूहळू येणंच बंद होतं. आणि सगळ्यात शेवटी लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचात एक. संघात सात पोरी धरल्या तर कबड्डी एकीला मुकलीच समजा.

खर्च किती आणि पैसा कुठून

समजा, एका गावात २० पोरींचं केंद्र चालवायचं. प्रशिक्षक ताईला महिना ६,००० मानधन धरलं तर वर्षाचे ७२,०००. साहित्य, बूट, दोऱ्या, प्रथमोपचाराची पेटी मिळून १५,०००. स्पर्धांना जायचं भाडं १२,०००. सरावानंतर गूळ-शेंगदाणे, फुटाणे किंवा अंडं, एका पोरीमागं रोज १० रुपये, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे ५०,०००. बेरीज १ लाख ४९ हजार. हा माझा अंदाजाचा हिशेब आहे, गावागणिक कमी-जास्त होईल. पण त्यात एक तृतीयांश खर्च खाण्याचा आहे हे ध्यानात घ्या. बहुतेक योजना तोच विसरतात. उपाशी पोरगी पळणार कशी? आणि हे लाडू-चिक्की गावातल्याच बचत गटानं केले तर तो पैसा गावातच राहतो. गटाला एक कायमचं गिऱ्हाईक मिळतं. तोच गट यात्रेत, शंकरपटात, कबड्डीच्या सामन्यांत दुकान लावून वरचा नफा केंद्राला देऊ शकतो. शंकरपटाला गावात चुटकीसरशी वर्गणी निघते, मग त्याच गर्दीतून पोरींच्या खेळालाही दोन पैसे निघायला हरकत नाही.

कमाईनं सगळा खर्च भागणार नाही, हेही खरं सांगितलं पाहिजे. नागपूर असो की म्हसवड, बाहेरचा पैसा लागतोच. त्याची मोठी वाट म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी, ज्याला सीएसआर म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. कोणत्या कामावर, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्यात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे आणि स्त्री-पुरुष समानताही आहे. म्हणजे मुलींचा खेळ त्या यादीत दोन ठिकाणी बसतो. कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला पसंती द्यावी असंही कायदा म्हणतो, त्यामुळं एमआयडीसीजवळच्या गावांनी आधी तिथंच दार वाजवावं.

हा निधी घ्यायला संस्था नोंदलेली पाहिजे. धर्मादाय आयुक्त कार्यालयात संस्था किंवा न्यास म्हणून, नाही तर कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली बिनानफ्याची कंपनी म्हणून. सोबत आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी, आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म. एका गावाला एवढं करणं जड जातं. आठ-दहा गावांनी मिळून एक संस्था करावी, किंवा आधीपासून नोंदलेल्या चांगल्या संस्थेशी जोडून घ्यावं. मैदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, ती वेगळी.

पालकांना पटवायचं तर फायदाही सांगावा लागतो. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, आणि खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो. तरी याच आशेवर पोरीला मैदानात उतरवू नका. नोकरी फार थोड्यांना लागते. बाकीच्यांना तालुक्याच्या गावी एकटीनं जाऊन यायची हिंमत येते, आणि तीही काही लहान गोष्ट नाही.

संस्था गावात आली तर

मुलींसाठी काम करतो म्हणून येणारा प्रत्येक जण भला असतो असं नाही. प्रशिक्षक बाई आहे का, पुरुष असेल तर सोबत गावातली एखादी बाई कायम असते का, हे आधी विचारा. मुक्कामाच्या स्पर्धेला पोरी जातात तेव्हा सोबत कोण, झोपायची सोय कुठं, परतायची वेळ काय, हे लेखी घ्या. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा २०१२ चा पोक्सो कायदा मैदानालाही लागू आहे आणि चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे. पोरींचे फोटो फेसबुकवर टाकायला पालकांची परवानगी लागेल, हेही सांगून ठेवा. मग हिशेब विचारा. यावर्षीचा नाही, तिसऱ्या वर्षीचा. प्रशिक्षकाचा पगार तेव्हा कोण देणार? ज्याच्याकडं याचं उत्तर नाही त्याला चहा पाजा आणि उत्तर घेऊन परत या म्हणा.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून मुलींच्या केंद्राला साहित्य किंवा मानधन देता येईल का, हा विषय ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत मांडावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना माहीत आहेत. विषय आठ दिवस आधी सचिवांकडं लेखी द्या आणि पोच घ्या. सभेला खेळणाऱ्या पोरींनाही सोबत न्या, किती वाजता सुटतात, किती वाजता घरी पोहोचतात आणि मैदानावर काय नाही, ते त्यांनाच सांगू द्या. ठराव झाला तर त्याची नक्कल मागून घ्या. कंपनीकडं किंवा क्रीडा कार्यालयात जाताना तो कागद लागतो.